तेजस्वींच्या धर्तीवर मराठी नाटक करायचंय? आधी दारात कोण येतंय ते ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला, सोबत जोडलेली संहितेची पानंही वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात मांडतो. बंगळुरूत असताना तुम्ही पूर्णचंद्र तेजस्वींच्या लेखनावर बेतलेलं एक कन्नड नाटक पाहिलंत. कर्नाटकातल्या मलेनाडूत, म्हणजे सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्यात राहणारा निसर्गवेडा लेखक आणि त्याला भेटत जाणारी माणसं, एवढाच त्याचा ऐवज. कन्नड अर्धंमुर्धं कळत होतं, तरी तुम्ही जागचे हलला नाहीत. आता कोल्हापुरात तुमच्या हौशी संस्थेसाठी तसं काही मराठीत करायचं आहे. दोन खर्डे झाले, दोन्ही वाचनांना मंडळी म्हणाली, ‘छान आहे, पण नाटक वाटत नाही.’ तुमचं विचारणं असं की जंगल रंगमंचावर उभं कसं करायचं, आणि निवेदनाचा भार कमी कसा करायचा.

मी सीमाभागातला. कथा, आठवणी, ललित गद्य यांवरून नाटक बसवणं हेच माझं बरीच वर्षं चाललेलं काम, थोडं कन्नडमध्ये, जास्त मराठीत. पुढचं सगळं तालमीतून आलेलं आहे, तेवढ्याच हिशेबाने घ्या.

मला तुमची अडचण जंगलाची वाटत नाही. तुमच्या खर्ड्यात लेखक पडवीत उभा राहून पावणेदोन पानं पावसावर, धुक्यावर आणि पक्ष्यांवर बोलतो. मग एक गडी येतो, ‘काय बघताय साहेब?’ असं विचारतो, आणि लेखक आणखी पानभर बोलतो. गडी ऐकून निघून जातो. तो आला कशासाठी होता? त्याला काही हवं होतं का? काम झालं की तसाच परत गेला? संहितेत याचा पत्ता नाही. तुम्हाला त्या कन्नड नाटकात बांधून ठेवलं ते येणाऱ्या माणसांनी, आणि त्या माणसांपाठोपाठ रान आपोआप आत आलं. हे उलट्या क्रमाने करता येत नाही. आधी रान उभं करून त्यात माणसं सोडली की ती माहिती सांगायला लागतात.

ज्यांनी तेजस्वी वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. के. पी. पूर्णचंद्र तेजस्वी (१९३८–२००७) हे कुवेंपूंचे चिरंजीव. कन्नडला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या कवीचा मुलगा म्हैसूरला शिकला, पण प्राध्यापकीच्या वाटेला गेला नाही. चिक्कमगळूर जिल्ह्यात मुडिगेरेजवळ जमीन घेऊन कॉफी लावली आणि आयुष्यभर तिथेच राहिला. पक्ष्यांचे फोटो काढले, गळ टाकून तासन्‌तास बसला, केनेथ अँडरसन आणि जिम कॉर्बेट यांच्या शिकारकथा कन्नडमध्ये आणल्या, संगणकावर कन्नड नीट यावी म्हणून खटपट केली. ‘चिदंबर रहस्य’ या कादंबरीला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘कर्वालो’ मराठीतही आली आहे. ‘परिसरद कथे’ हे आठवणीवजा पुस्तक तर कर्नाटकात घरोघरी वाचलेलं असतं. त्यांच्या गोष्टी रंगमंचावर पुन्हा पुन्हा येतात, त्याचं कारण मला साधं दिसतं: या माणसाच्या लेखनात दर दोन पानांनी कुणीतरी दारात येऊन उभं राहतं, आणि ते रिकाम्या हाताने येत नाही.

‘कर्वालो’च घ्या. गोष्ट सांगणारा शेतकरी मध आणायला जातो, तिथून कादंबरी सुरू होते. मंदण्णा नावाचा एक पोरगेलासा माणूस, गावात ज्याला कुणी मोजत नाही, तो मधमाश्यांचा आणि रानाचा पक्का जाणकार निघतो. कर्वालो हे शास्त्रज्ञ त्याला गुरुस्थानी मानून बसलेले. सगळी वरात शेवटी एका उडत्या सरड्याच्या मागे रानात शिरते. (कर्वालो हे आडनाव गोव्याच्या वाचकाला घरचंच वाटेल, उडता सरडाही पश्चिम घाटात गोव्यापर्यंत सापडतो.) यात शिकलेला माणूस अडाण्याला शिकवत नाही. शिकलेले दोघंतिघं एका अडाणी ठरवलेल्या माणसावर अवलंबून आहेत, आणि तो लग्नाच्या, पोलिसांच्या, पोटापाण्याच्या भानगडीत अडकलेला आहे. त्याची भानगड सुटल्याशिवाय यांचं संशोधन पुढे सरकत नाही. नाटकाला याहून जास्त काय लागतं?

त्यामुळे पहिली गोष्ट मी अशी धरतो: प्रत्येक भेटीत लेखकाला समोरच्यापेक्षा काहीतरी कमी कळलं पाहिजे. कधी झाडाचं, कधी माणसाचं, कधी सरकारी कागदाचं. तो सर्वज्ञ झाला की समोरचा नट श्रोता होतो, आणि रंगमंचावर बसलेला श्रोता पाहायला कुणी तिकीट काढत नाही. तेजस्वी स्वतःवर हसायला कचरत नव्हते, हे मूळ लेखनातच आहे. मराठी रूपांतर करताना मात्र आपण थोर माणसाचं चित्र काढायला घेतो. मग आवाज खाली येतो, वाक्यं लांबतात, आणि तानपुरा सुरू होतो. तानपुरा आधी बंद करा.

तालमीत मी एक प्रकार करतो, तुम्ही करून बघा. प्रसंगातली लेखकाची सगळी वाक्यं खोडून टाकायची. आलेल्या माणसाने आपलं काम, आपली तक्रार, आपली थाप, जे काही असेल ते एकट्याने पुढे न्यायचं, आणि लेखकाने फक्त प्रश्न विचारायचे. तेही छोटे: ‘कुठं?’, ‘कधी पाहिलंस?’, ‘मग पैसे कुणी दिले?’ असे. दोनतीन तालमींत कळतं की दीड पानातली चार वाक्यंच हवी होती. तेवढी परत घ्या. हे सगळ्या प्रसंगांना लागू पडेल असं नाही. ज्या प्रसंगात लेखक स्वतः हट्टाला पेटलेला आहे, तिथे त्याला बोलू द्यावंच लागतं. पण सुरुवात खोडण्यापासून करा.

निवेदनाचं सांगतो. तुम्ही ते ‘कमी’ करायला निघाला आहात. मी म्हणेन, त्याला काम द्या. यक्षगान या कर्नाटकी लोकनाट्यात भागवत असतो. तो गातो, कथा पुढे नेतो, पण पात्र प्रवेश करतं तेव्हा त्याला सरळ विचारतोही: आपण कोण, कुठून आलात, काय हेतूने आलात? पात्र त्याला उत्तर देतं, कधी उलटून बोलतं. म्हणजे निवेदक हा प्रसंगाच्या बाहेर माइक धरून उभा नाही, तो पहिला भेटणारा माणूस आहे. कन्नड प्रेक्षकाच्या अंगात ही रीत मुरलेली असते. त्यामुळे लेखकाने प्रेक्षकांशी बोलता बोलता वळून दारातल्या माणसाला ‘काय रे, आज सकाळीच?’ म्हटलं, तर त्याला काही वेगळं घडलं असं वाटत नाही.

हे आपल्याला परकं नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले, संस्थानिकांनी विष्णुदास भाव्यांना तसं मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. त्यातला सूत्रधार सगळ्या खेळभर हजर असे, गात असे, पात्रांना बोलतं करत असे. कोकणच्या दशावतारात तर नट अजूनही उत्स्फूर्त संवादांवर रात्र काढतात. म्हणजे तुमच्या लेखकासाठी तयार साचा घराजवळच आहे. लेखकाला सूत्रधार करा, पण असा सूत्रधार, ज्याचं पात्रं नेहमी ऐकत नाहीत. तो म्हणतो, ‘आता या माणसाची गोष्ट अशी...’ आणि माणूस म्हणतो, ‘तशी नाय ती.’ एवढ्याने निवेदनाचा संवाद होतो. खर्ड्यातली बरीचशी माहिती अशी भांडणातून सांगता येईल. उरेल ती बहुधा नकोच असते.

आता जंगल. ते कसं करायचं हे तुमच्या जागेवर ठरतं. २०१० साली म्हैसूरच्या रंगायण या नाट्यसंस्थेने कुवेंपूंच्या ‘मलेगळल्लि मदुमगळु’ या कादंबरीचा रात्रभर चालणारा प्रयोग केला. दिग्दर्शन सी. बसवलिंगय्यांचं होतं. उघड्यावर, झाडांत, एकाहून जास्त मंच, आणि प्रेक्षक उठून एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणार. जवळजवळ नऊ तास. ते वेगळं बळ आहे, त्याला संस्थेचं कायमस्वरूपी नटमंडळ लागतं. दुसऱ्या टोकाला कर्नाटकातल्याच हेग्गोडू गावच्या निनासम या नाट्यसंस्थेचं ‘तिरुगाट’. १९८५ पासून ही फिरती मंडळी गावोगाव प्रयोग करतात, आणि गाडीत मावेल तेवढंच सामान नेतात. तुम्हाला एखाद्या नाट्यगृहाचा मोठा मंच मिळेल की शाळेचा हॉल, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी हॉल धरून बोलतो, कारण हॉलमध्ये जे चालतं ते मोठ्या मंचावरही चालतं. उलट होत नाही.

कापडी झाडं, प्लास्टिकच्या वेली, मागे रंगवलेला डोंगर हे सगळं सोडून द्या. रान नटांच्या पायांत आणि नजरेत असतं. मलेनाडूच्या पावसाळ्यात बाहेरून आलेला माणूस पडवीत चढला की आधी पायाकडे बघतो, कारण जळवा चढलेल्या असतात. एक ओढून काढायची, दुसरी शोधायची, तंबाखूचं किंवा चुन्याचं बोट लावायचं, आणि हे करता करता कामाचं बोलायचं. एका नटाने हे सवयीने केलं, त्याकडे लक्ष वेधून न घेता केलं, की पंधरा झाडांचं नेपथ्य वाचलं. दुसऱ्याच्या पाठीवर इरलं द्या. पानांचं इरलं तिथेही वापरात होतं आणि आपल्या घाटमाथ्यावरही, त्यामुळे कोल्हापूरच्या प्रेक्षकाला ते ओळखायला वेळ लागणार नाही. कोयता, गळाची काठी, मधाची पेटी, ओली बिडी पेटत नाही म्हणून चाललेली खटपट, यावर भागतं. शहरातून आलेला नट हे पहिल्या आठवड्यात खोटं करतो. त्याला कुणा शेतमजुराकडे दोन दिवस पाठवा.

नजरेचं असं: कोणतं झाड कुठे आहे, नदी कोणत्या बाजूला, कडा कुठे संपतो, हे सगळ्या नटांनी मिळून ठरवायचं आणि शेवटच्या प्रयोगापर्यंत बदलायचं नाही. मी तालमीच्या जागेत खडूने खुणा करून घेतो. एकाने पक्षी उजव्या विंगेत पाहिला आणि दुसऱ्याने प्रेक्षकांच्या डोक्यावर, की रान संपलं. सगळ्यांची मान एकाच वेळी, एकाच उंचीवर फिरली तर प्रेक्षकही वळून बघतात. उडता सरडा दाखवायचा असेल तर तो असाच दाखवा. कठपुतळी, प्रोजेक्टर, दोरीवरून सरकणारा पुठ्ठा, हे मुलांच्या शिबिरात मजेचं. इथे मात्र प्रेक्षक सरडा विसरून दोरी शोधतो.

आवाज नटांकडूनच काढा. रेकॉर्ड केलेला पक्षी स्पीकरच्या दिशेने बोलतो, आणि प्रेक्षागृहात एकतरी पक्षीनिरीक्षक बसलेला असतोच, जो मध्यंतरात येऊन सांगतो की हा पक्षी या ऋतूत असा बोलत नाही. विंगेत पाचसहा जण बसवा. पत्र्यावर बोटांनी पाऊस, सुपात तांदूळ, तोंडाने रातकिडे. रातकिड्यांचा आवाज बराच वेळ चालू ठेवा, लोकांना तो ऐकू येईनासा होईपर्यंत. मग एकदम थांबवा. रानात कुणी जवळ आलं की किडे असेच गप्प होतात. न सांगता सगळे सावध होतात, आणि दारात येणाऱ्या माणसाची याहून चांगली एन्ट्री मला अजून सापडलेली नाही. कस्तुराची शीळ घालणारा नट मिळाला तर भाग्य समजा, पण ती एकदाच वापरा.

प्रकाशयोजनाकाराला हिरवं जिलेटिन घरी ठेवून यायला सांगा. हिरव्या प्रकाशात आपल्याकडचे चेहरे आजारी दिसतात. बाजूने, कमी उंचीवरून, साधा किंवा फिकट निळा प्रकाश घ्या. पानांच्या सावलीसाठी दिव्यापुढे कातरलेला पत्रा पुरतो. धुराचं यंत्र लहान हॉलमध्ये नको, पहिल्या तीन रांगा खोकतात.

कुत्र्याचा प्रश्न तुम्ही वेगळा विचारलात. तेजस्वींचा ‘किवी’ वाचकांचा फार लाडका, त्याला गाळलं तर लोक रागावतात, हे खरं. जिवंत कुत्रा आणू नका. प्रयोगात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ते सोडलं तरी कुत्रा मंचावर आला की बाकीचे नट दिसेनासे होतात. कुत्र्याच्या वेषातला नटही नको, प्रेक्षक त्याला बालनाट्य समजतात. लेखकाचा हात, खाली झुकणारी नजर, आणि येणारा प्रत्येक माणूस त्याला घाबरतो की लाथाडतो की बिस्किट देतो, एवढ्यावर किवी उभा राहतो. वर प्रत्येक आगंतुकाचा स्वभाव पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतो, तो फायदा वेगळाच.

इथवरचं एका वाक्यात: माणूस काम घेऊन येतो, लेखकाला त्याच्याहून काहीतरी कमी कळतं, आणि रान त्या माणसाच्या अंगावरून आत येतं. यापुढे दोन तासांची बांधणी, आणि तिथे तुमच्या दुसऱ्या खर्ड्याची खरी गोम आहे.

तुम्ही सहा गोष्टी एकापुढे एक लावल्या आहेत. प्रत्येकीच्या शेवटी हशा आणि ब्लॅकआउट. तिसऱ्या ब्लॅकआउटला प्रेक्षक मनात मोजायला लागतो, अजून किती. अशा सुट्या प्रसंगांच्या नाटकांचा हा जुना रोग आहे, कन्नडमध्येही आहे, फक्त तिथे गाणं येऊन तो झाकतं. औषध दोन प्रकारचं. एक, गोष्टी संपू देऊ नका. पहिल्या माणसाचं काम अर्धवट असतानाच दुसरा येऊ द्या, पहिल्याला कोपऱ्यात थांबू द्या, मग तो मध्येच तोंड घालेल. दोन, सगळ्या भेटींना एक काळ द्या. मी एक पावसाळा घेईन, मिरगापासून दसऱ्यापर्यंत. त्यात वीज जाते, रस्ता तुटतो, मजूर येत नाहीत, कॉफीवर रोग येतो, आणि जूनमध्ये उसने पैसे मागून गेलेला माणूस सप्टेंबरमध्ये काहीतरी भलतंच घेऊन परत येतो. काळ पुढे सरकतोय हे दिसत राहिलं की गोष्टी मोजल्या जात नाहीत.

एक भेट फसलेली ठेवा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. म्हणजे आलेला माणूस लेखकाला कळलाच नाही, त्याचं काम झालं नाही, तो नाराज होऊन गेला आणि नाटकभर परत आला नाही. सगळ्या भेटी गोड झाल्या की लेखक गावचा देव होतो. आणि हा निसर्गप्रेमी काही सोवळा नव्हता. बंदूक घेऊन रानात हिंडलेला, मासे मारणारा, आणि कॉफीचा बागायतदार. कॉफीची बाग म्हणजे मुळात विरळ केलेलं रानच. मजुरी देणारा तोच, आणि मजुरांकडून रान शिकणाराही तोच. हा ताण तुमच्या खर्ड्यात कुठेच नाही. मजूर त्याला ‘साहेब’ म्हणतात आणि तो त्यांच्या ज्ञानाचं कौतुक करतो, एवढंच आहे. पगाराच्या दिवसाचा एक प्रसंग घाला. तेवढ्याने बाकीच्या कौतुकाला वजन येईल.

सरकारी माणसांना विनोदी करू नका, हेही तेजस्वींची ‘कृष्णेगौडन आने’ ही गोष्ट वाचताना कळतं. विजेच्या तारांखालच्या फांद्या लाइनमनला तोडाव्याच लागतात. जंगलखात्याच्या माणसाला त्या तोडू देता येत नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर, दोघांचे वरचे साहेब आपापल्या जागी बरोबर, आणि गावात जे काही बिघडेल त्याचं खापर शेवटी पाळलेल्या हत्तिणीवर फुटतं. हे हसू येईल असंच आहे, पण नटांनी ते अत्यंत गंभीरपणे करायचं असतं. लाइनमनला खरोखर भीती वाटली पाहिजे, कारण खांबावर तो चढणार आहे. कोल्हापूरकरांसमोर हत्तीण म्हटलं की नांदणी मठाच्या हत्तिणीची आठवण निघणार, हे मला माहीत आहे. ती बातमी संवादांत ओढून टाळ्या घेण्याचा मोह नटांना होईल. होऊ देऊ नका, ते नाटक वेगळं आहे.

मोहांचं निघालंच आहे म्हणून, चरित्राचा मोहही टाळा. पहिल्या खर्ड्यात कुवेंपूंचे तीन प्रवेश आहेत, आणि तेजस्वींचं लग्नही. पुरोहिताशिवायच्या, साध्या ‘मंत्रमांगल्य’ पद्धतीच्या त्या लग्नाचं आपल्याला अप्रूप वाटणारच, सत्यशोधक विवाहाची आठवण मराठी माणसाला लगेच होते. प्रसंग चांगला लिहिलाय तुम्ही. तरी काढा. थोर बाप मंचावर आला की मुलगा मुलगाच राहतो, आणि मग दारात येणाऱ्या मंदण्णाकडे कुणाचं लक्ष जात नाही. फार तर पोस्टमनच्या हातात वडिलांचं पत्र असू द्या.

भाषेबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. गोष्ट मुडिगेरेचीच ठेवणार असाल तर मजुरांच्या तोंडी मालवणी किंवा कोल्हापुरी ठसका घालू नका. प्रेक्षक खुश होतात, पण ते ठसक्यावर हसतात. तिथल्या मळ्यांत कन्नड, तुळू, कोंकणी, मल्याळम, तमिळ बोलणारे एकत्र राबतात. ही सरमिसळ एका मराठी बोलीत येणारच नाही. साधी, छोट्या वाक्यांची मराठी घ्या आणि फरक लयीत ठेवा: कोण भरभर बोलतं, कोण बोलण्याआधी थांबतं. नावं, गावं तशीच राहू द्या.

दुसरा रस्ता म्हणजे गोष्ट आपल्याकडे आणणं. मग मात्र तेजस्वींची पात्रं नाव बदलून आणू नका, पद्धत तेवढी घ्या आणि माणसं आपली शोधा. तुमच्यापासून दाजीपूर किती लांब आहे? गवे उसात येतात, पंचनामा होतो, भरपाईचा कागद फिरत राहतो. दोडामार्गकडे २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून हत्ती उतरले. चंदगड, आजऱ्याच्या शेतकऱ्यालाही हत्ती नवा राहिलेला नाही. वनरक्षक, मध काढणारा, ऊसतोडीची टोळी, रिसॉर्टसाठी जमीन बघायला आलेला पुण्याचा माणूस, हे सगळे कुणा निसर्गवेड्या लेखकाच्या पडवीत येऊ शकतात. माझा कौल विचाराल तर यंदा तेजस्वींच करा. त्यांच्या बांधणीवर हात बसला की पुढच्या वर्षी स्वतःचं लिहा. पण संस्थेत लिहिणारा कुणी तयारीचा असेल तर उलटही चालेल.

लेखकाच्या भूमिकेत मंडळातला सगळ्यात खणखणीत आवाजाचा नट घालू नका, संस्थेचा अध्यक्ष असला तरी. दुसरा बोलत असताना ज्याच्याकडे बघावंसं वाटतं असा कुणी शोधा. तेजस्वींसारखी दाढी लावायची गरज नाही, फोटो कुणी पडताळून बघत नाही.

आता कंटाळवाणा पण अडवणारा भाग. तेजस्वी २००७ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६७ संपेपर्यंत. नाट्यरूपांतराची लेखी परवानगी वारसांकडून घ्यावी लागेल. भाषांतराची परवानगी आणि रूपांतराची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत, पत्रात दोन्ही मागा. छापील मराठी अनुवादातली वाक्यं उचलणार असाल तर अनुवादकाचीही परवानगी लागते. तुम्ही पाहिलेल्या कन्नड प्रयोगातली रचना, गाणी, प्रसंगांचा क्रम वापरलात तर त्या नाट्यरूपांतरकाराचीही. ‘प्रेरित’ असा शब्द छापून यातून सुटका होत नाही. याशिवाय महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं, आणि राज्य नाट्य स्पर्धेत उतरणार असाल तर प्रवेशिकेसोबत परवानगीची पत्रं मागतात, त्या वर्षीचे नियम नीट वाचा.

पत्र आधी पाठवा, खर्डा पूर्ण होण्याची वाट बघू नका. कोणत्या पुस्तकातले कोणते प्रसंग घेणार, किती प्रयोग, तिकीट आहे की नाही, मूळ लेखकाचं नाव जाहिरातीत कुठे आणि केवढं येणार, हे स्पष्ट लिहा. उत्तर यायला महिना दोन महिने लागू शकतात. तोवर कुठल्याही दोन भेटी घेऊन तालीम सुरू करा, लेखकाची वाक्यं खोडून. नकार आला तरी ती तालीम वाया जाणार नाही, स्वतःच्या गोष्टीला कामी येईल. होकार हातात पडेपर्यंत पोस्टर मात्र छापू नका.